डब्यावरचा मुकुट आणि पाण्यातले ठिपके

प्रश्न : मुलीच्या आठव्या वाढदिवसाला ‘सी-मंकी’चा, म्हणजे पाण्यात पुडी टाकली की चिमुकले जीव दिसू लागतात त्या खेळण्याचा, संच मागवला. डब्यावर मुकुट घातलेलं हसरं कुटुंब होतं. आदल्या दिवशी पहिली पुडी, मग दुसरी टाकली आणि लगेच बारीक ठिपके हलू लागले. रोज सकाळी ती आठवणीने खाणं घालायची. आठवड्याच्या आत पाणी पांढुरकं झालं, वास सुटला, सगळे मेले. आता ती म्हणते, “मीच मारलं.” काय बिघडलं? पुन्हा करावं का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : जरूर करा, पण आधी तिला सांगा की तिने हयगय केली नाही. उलट, रोजच्या खाण्यानेच घात झाला. हे जीव म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातली चिमुकली कोळंबीसारखी प्रजात. पायांच्या अकरा जोड्या हलवत ते पाण्यातले कण गाळून खातात. उरलेली भुकटी कुजते, जिवाणू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. आधीच खाऱ्या, कोमट पाण्यात तो कमी विरघळतो. त्यात डबी एवढीशी; उन्हाळ्यातलं बंद घर असेल तर आणखीच. एका रात्रीत पांढुरकं झालेलं पाणी ही धोक्याची खूण. हळूहळू हिरवं होणारं पाणी मात्र फेकू नका, ते शेवाळ म्हणजे त्यांचं उत्तम अन्न.

आता नव्याने. एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या; पाण्याचा पृष्ठभाग मोठा, तेवढी हवा जास्त. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडेल. त्यात ३० ग्रॅम जाडं मीठ (काट्यावर तोलून, अंदाजाने नको) आणि चिमूटभर खायचा सोडा विरघळवा. आपल्याकडचं धरणाचं पाणी बहुधा मृदू असतं आणि अंड्यांना किंचित अल्कधर्मी पाणी लागतं, म्हणून हा सोडा.

मत्स्यालयाच्या दुकानात आर्टेमियाची अंडी मिळतात. एका ग्रॅममध्ये दोन लाखांहून जास्त अंडी असतात, त्यामुळे नखाच्या टोकावर मावतील तेवढीच टाका. बरणी २५ ते २८ अंशांत, दिव्याजवळ ठेवा; खिडकीतल्या थेट उन्हात अजिबात नको. २४ ते ३६ तासांत अर्ध्या मिलिमीटरची नारिंगी पिल्लं दिसतील. एका बाजूने टॉर्च धरलात की ती उजेडाकडे गोळा होतात. ड्रॉपरने तीस-चाळीस उचलून तशाच ताज्या खाऱ्या पाण्यात सोडा. तपकिरी रिकामी टरफलं मागेच राहू द्या, तीही पाणी नासवतात.

पहिले काही तास पिल्लांचं तोंड उघडलेलंच नसतं, ती बलकावर जगतात. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर स्पिरुलिना (सुक्या शेवाळाची हिरवी भुकटी) चमचाभर पाण्यात कालवून त्याचे दोन-चार थेंब द्या. पाणी किंचित धूसर व्हावं, बस्स. ते पूर्ण नितळ होईपर्यंत पुढचा थेंब नाही, मग मधे तीन दिवस गेले तरी चालेल. बरणीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारा. वाफ होऊन घटलेलं पाणी साध्या, क्लोरीन उडालेल्या पाण्याने भरा. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी भरत गेलात तर खारटपणा चढत जातो.

दोन-तीन आठवड्यांत ते सेंटीमीटरभर होतात. दहापट भिंग हाती द्या. उताणे पोहताना दिसतील; नराच्या डोक्याशी पकडीसारखे अवयव, मादीच्या शेपटीच्या मुळाशी अंड्यांची पिशवी. हे पाहणं त्या मुकुटवाल्या चित्रापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

प्रश्न : लहानपणी इंग्रजी कॉमिकमध्ये याच प्राण्यांच्या जाहिराती पाहिल्या होत्या. ती निव्वळ थाप होती का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : प्राणी खरा, चित्र खोटं. अमेरिकेत हॅरोल्ड फॉन ब्राउनहट यांना १९५७ मध्ये ही कल्पना सुचली आणि त्यांनी ‘इन्स्टंट लाइफ’ या नावाने विक्री सुरू केली. १९६२ मध्ये ‘सी-मंकीज’ हे नाव आलं. जाहिरातींतलं ते राजेशाही कुटुंब जो ऑरलँडो यांनी चितारलं. खरी युक्ती पुड्यांत होती. ‘पाणी शुद्ध करणारी’ म्हणून दिलेल्या पहिल्या पुडीतच मिठासोबत अंडी असत. ती दिवसभरात फुटत, आणि दुसऱ्या पुडीतल्या रंगामुळे पिल्लं ठळक दिसू लागत. मुलांना वाटे, जीव या क्षणी जन्मला. हे मुलांशी वागणं बरं नव्हतं. वाळलेलं अंडं वर्षानुवर्षं निपचित राहून पाण्यात जागं होतं, एवढं खरं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

प्रश्न : कंटाळा आला तर खाडीत सोडू का?
— एक विद्यार्थी, वाशी

उत्तर : नको. पाकिटातली जात बहुधा अमेरिकी, आर्टेमिया फ्रान्सिस्काना. भूमध्य समुद्राकाठच्या मिठागरांत तिने स्थानिक जातींना हुसकावलं आहे. घरी किंवा ओळखीत गप्पी मासे असतील तर त्यांना खाऊ घाला. आधी रुमालात गाळून साध्या पाण्याने धुवा आणि पाच मिनिटांत संपतील एवढेच टाका. गोड्या पाण्यात ते काही तासांत मरतात आणि मग टाकीचंही पाणी बिघडतं.