थंडीची कविता आणि लोकांचे मेसेज

अगं,

तू पाठवलेले स्क्रीनशॉट सगळे वाचले. दिवाळी अंकात तुझी थंडीची कविता छापून येते काय आणि लोक शोधून शोधून तुला मेसेज काय करतात, मजाय! पण तू हुरळलीयस पण आणि चिडलीयस पण, म्हणून म्हटलं जरा निवांत लिहावं.

'अप्रतिम', 'वा क्या बात है', जोडलेले हात, बदाम, हे सगळं आनंदाने घे, थँक्यू म्हण आणि सोडून दे, त्यातून कवितेबद्दल काही कळत नाही. खरा माल त्या काकूंच्या मेसेजमधे आहे. कवितेवर एक अक्षर नाही, सगळं त्यांच्या लहानपणचं, पहाटे बंबात लाकडं सारायची, अंगाला वाफा, आईने चोपडलेलं तेल वगैरे. तुला वाटलं बाईंनी कविता वाचलीच नाही. अगं वाचली म्हणून तर आठवलं ना! त्यांना विचार, नेमकी कुठली ओळ. माझी पैज, शेकोटीचा धूर वर न जाता गुडघ्याएवढ्या उंचीवर रेंगाळतो ती. कारण ते तू बघितलंयस. निरभ्र रात्री जमीन भराभर गार होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते आणि धूर तिथेच अडकतो. हे शास्त्र कवितेत घालू नकोस हं, पण डोळ्यांनी पाहिलेलं असलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता 'पुण्यात बर्फ कुठून आणलात' विचारणारे गृहस्थ. खवचट आहेत, पुणेकर आहेत, पण बरोबर आहेत. शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश नोंदलंय, पुण्यातली विक्रमी थंडी ती, आणि तेव्हाही पारा शून्याच्या वरच होता. तुझे ते 'हिमकण' कॅलेंडरवरच्या फोटोतून आलेत, काढ. आणि त्यांनी धरलं नाही पण मी धरतो, बूच आणि पळस एकाच कडव्यात कसे? बुचाचा सडा दिवाळीच्या आगेमागे पडतो, पळस फुलायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो.

तुला सगळ्यात लागला तो मेसेज म्हणजे 'रस्त्यावर झोपणाऱ्याला विचारा थंडी किती सुंदर असते'. त्याला लिहिलेला तो लांबलचक खुलासा पाठवला नसशील तर पाठवू नकोस. आणि घाईघाईने गरिबाचं एक कडवं जोडायचं म्हणतीयस ते तर अजिबातच नको, लग्नाच्या पंगतीत वर्गणीचा डबा फिरवल्यासारखं दिसेल. तुझी कविता गूळभेंडीच्या हुरड्याची, गोधडीची, सुखाची आहे, असू दे की. पण तो माणूस खोटं बोलत नाहीये. कारखान्यांचा सीझन सुरू झाला की बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं दौंड-इंदापूरच्या बाजूला कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात, पहाटे अंधारात, पोराबाळांसकट फडात. कधीतरी जाऊन बघ, लिहायचं ठरवून जाऊ नकोस मात्र. त्यातून झालीच तर वेगळी कविता होईल, नाही झाली तर नाही.

त्याला उत्तर म्हणून 'खरंय तुमचं' एवढं पुरे.

बर्फ काढलेला ड्राफ्ट झाला की पाठव, पळसाचं काय केलंस ते मी आधी बघणारे.