ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान कसं द्यावं? 'गुड फर्स्ट इश्यू' हाती लागतच नाहीत

तुम्ही म्हणता ओपन सोर्स प्रकल्पांत (ज्यांचं कोड कुणालाही बघता-बदलता येतं) 'गुड फर्स्ट इश्यू'चं, म्हणजे नवख्यासाठीच्या सोप्या कामाचं, लेबल लागायचा अवकाश, पाच जण 'मी घेतो' म्हणून रांगेत असतात. मग नवख्यानं काय करायचं, आणि रेझ्युमेत याला किंमत आहे का?

त्या लेबलांच्या नादी लागू नका. रोज वापरता आणि ज्याच्यावर रोज चिडता, ते सॉफ्टवेअर धरा. माझी सुरुवात चिडूनच झाली.

पुण्यात नोकरीला होतो. एका ग्राहकाची मराठी ट्रेकिंगची साइट होती. तिथे 'सह्याद्रीतल्या दऱ्या' शोधलं की सगळ्यात वर कोकणातली होमस्टे यायची, कारण तिच्या नावात 'दर्या' होतं. दोन दिवस मी आमच्याच कोडला शिव्या घातल्या. शेवटी आम्ही वापरत होतो त्या ओपन सोर्स शोध-लायब्ररीत (म्हणजे शोधासाठीच्या तयार कोडमध्ये; नाव सांगत नाही) एक ओळ सापडली: ऱ दिसला की त्याचा र करा. हिंदीत ऱ जवळजवळ लागतच नाही, म्हणून लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नसणार. आपल्याकडे त्या एका ओळीनं आचाऱ्यांचे आचार्य करून ठेवले होते.

ओळ उडवली, पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या, अशी विनंती) टाकली आणि छाती फुगवून झोपलो. सकाळी प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं उत्तर: 'यात ४३ फाइली का बदलल्या आहेत?' माझ्या एडिटरनं सेव्ह करताना सगळ्या टॅबच्या स्पेस केल्या होत्या, आणि मी गिट डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) डोळ्यांखालून घातलाच नव्हता. त्याखाली, 'टेस्ट (बदल बरोबर चालतो का ते तपासणारं कोड) कुठे आहे?' इथपर्यंत ठीक. तिसरं मात्र जिव्हारी लागलं, ते युनिकोडवरून (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक): 'युनिकोडच्या तक्त्यात हे अक्षर द्रविड भाषांतल्या र साठी दिलंय. मराठीचा काय संबंध?'

मराठीचा काय संबंध! इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र दाबतो तेव्हा मी काय तमिळ लिहितो?

असं उत्तर टाइपही केलं होतं. पाठवलं नाही, ते बरं झालं. तक्ता उघडला. ऱ च्या ०९३१ या क्रमांकापुढे तसं लिहिलेलं आहे खरं, पण लगेच पुढे हेही आहे की याचं अर्धं रूप म्हणजे 'आयलॅश रा'. वाऱ्यात, तऱ्हेत असतो तोच आपला आडवा र. ते वाक्य चिकटवलं, दर्या-दऱ्या आणि आचार्यांना-आचाऱ्यांना या जोड्या अर्थासकट टेस्टमध्ये घातल्या आणि ४३ फाइलींच्या दोन केल्या.

मग अकरा आठवडे सामसूम. आणि एक दिवस दुसऱ्याच कुणाचा प्रश्न: 'नेपाळीचं काय?' नेपाळीत हाच र बरेचदा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह असा लिहितात. मराठीतही असा मजकूर सापडतो. म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारा 'दऱ्या' माझ्या दुरुस्तीनंतर दोन वेगळे शब्द ठरत होता. मी भांडायच्या तयारीत होतो, पण माणूस बरोबर होता. दोन्ही रूपं आधी एक करून घेतली. शेवटी मर्ज झालं, म्हणजे मूळ प्रकल्पात घेतलं गेलं, ते ११ ओळींचं कोड आणि जवळपास ६० ओळींच्या टेस्ट.

आमच्या साहेबांचं तेव्हा एकच पालुपद होतं: 'वर, मूळ प्रकल्पाला, कशाला पाठवतोस? आपल्या कॉपीत बदल, बिल लाव, मोकळा हो. फुकटच्या हमाल्या करू नकोस.' पुढच्या वर्षी सिक्युरिटी अपडेटसाठी नवी आवृत्ती घ्यावी लागली. साहेबांनी 'आपल्या कॉपीत' ठेवलेल्या सहा दुरुस्त्या हातानं पुन्हा बसवायला दोन माणसं नऊ दिवस बसली. त्यातला एक मी. दऱ्यांच्या दुरुस्तीला कुणाला हातही लावावा लागला नाही, ती मूळ प्रकल्पातच होती. साहेब यावर अवाक्षर बोलले नाहीत, अप्रेझलमध्येसुद्धा नाही. साहेब, वाचत असाल तर नमस्कार.

त्यामुळे कुणी 'पॅच आपल्यापुरता ठेव' म्हटलं तर ऐकू नका. आणि रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) 'अमेझिंग प्रोजेक्ट' लिहून पुल रिक्वेस्ट टाकू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर चालणारा ओपन सोर्स योगदानाचा उपक्रम) टीशर्टसाठी लोकांनी तेच केलं. इतका कचरा झाला की ज्यांना हवंय त्या प्रकल्पांनीच सामील व्हावं, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. खरी टायपो असेल तर जरूर सुधारा, त्यात कमीपणा नाही.

रेझ्युमेचं म्हणाल तर आजवरच्या मुलाखतींत एकानंच ती पुल रिक्वेस्ट उघडून पाहिली. त्यानं कोडचं काही विचारलं नाही, ४३ फाइलींचं विचारलं.

एक सांगायचं राहिलंच, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. नोकरीत असाल तर करारपत्र काढून वाचा. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलं कोडही कंपनीचं, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. आणि काही प्रकल्पांत कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून हे कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्हीच कबूल करता. मी ते कलम वाचलं मर्ज झाल्यावर, आणि एचआरला मेल लिहायचा की गप्प बसायचं यात एक अख्खा रविवार गेला. शेवटी मेल लिहिला. परवानगी मिळाली, सही साहेबांचीच होती.