डूकूने खरं सांगितलं होतं

प्रश्न असा आहे की स्टार वॉर्समध्ये इतके भारी ग्रे व्हिलन येतात, एन्ट्री जबरदस्त होते, आणि मग दरवेळी त्यांचं मातेरं का होतं. आणि मुळात ज्या गोष्टीत लाईट साईड (जेडाय योद्धे) आणि डार्क साईड (त्यांचे वैरी सिथ) अशी सरळ रेघ मारलेली आहे तिथे ग्रे व्हिलनला जागा तरी आहे का. मी हे सगळं बरीच वर्षं बघत आलोय, पिक्चर, अ‍ॅनिमेशन, सीरिज, गेम्स, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. स्पॉइलर भरपूर आहेत, अँडॉर पूर्ण बघितली नसेल तर आधी ती बघा आणि मग हे वाचा.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करतो. आवडता व्हिलन म्हणजे ग्रे व्हिलन नव्हे. थ्रॉन मला प्रचंड आवडतो, १९९१ च्या कादंबरीत तो पहिल्यांदा आला, शत्रूची चित्रं आणि शिल्पं अभ्यासून त्याची पुढची चाल ओळखणारा सेनापती, काय कल्पना आहे! पण पडद्यावर तरी तो हुशार आहे, थंड डोक्याचा आहे, ग्रे नाही. व्हेडरसुद्धा मूळ तीन पिक्चरमध्ये अगदी शेवटापर्यंत वाईटच आहे, शेवटी मुलासाठी एक चांगली गोष्ट करतो आणि जातो. आणि लहानपणी कुणावर अन्याय झाला होता एवढं दाखवलं की तो ग्रे झाला असंही नसतं, त्याने फक्त त्याची दया येते. मी ग्रे त्याला म्हणतो ज्याच्या बोलण्यात काहीतरी असं खरं असतं की हिरोला त्याला उत्तर द्यावंच लागतं. लाईटसेबर, म्हणजे ती प्रकाशाची तलवार, उपसून नाही, उत्तर देऊन. या फ्रँचायझीचा घोळ इथेच होतो, प्रश्न विचारणाऱ्याला मारतात आणि प्रश्न तसाच पडून राहतो.

काउंट डूकू घ्या. २००२ च्या पिक्चरमध्ये (अटॅक ऑफ द क्लोन्स) जिओनोसिस ग्रहावर जेडाय ओबी-वान कैदेत हवेत लटकलेला असतो आणि डूकू त्याच्याभोवती फिरत शांतपणे सांगतो की सिनेट एका सिथ लॉर्डच्या मुठीत गेलंय, त्याचं नाव डार्थ सिडियस, माझ्याबरोबर ये, आपण दोघं मिळून त्याला संपवू. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ही सरळ थाप वाटली, व्हिलन हिरोला फूस लावतोय एवढंच डोक्यात होतं. बऱ्याच वर्षांनी परत बघताना लक्षात आलं की अरे, हा माणूस शब्दन् शब्द खरा बोलतोय! सबंध पिक्चरमध्ये जेडायना कुणी खरं सांगितलं असेल तर ते यानेच. ओबी-वान नंतर ते योडा आणि मेस विंडू या ज्येष्ठ जेडायच्या कानावर घालतोसुद्धा, तर योडा म्हणतो की डूकू डार्क साईडला गेलाय, खोटं बोलणं हाच आता त्याचा मार्ग. म्हणजे सांगणारा वाईट म्हणून सांगितलेलंही खोटं, आणि या एका चुकीत अख्खी जेडाय ऑर्डर बुडते.

आता यात किती माल होता बघा. हा जेडाय ऑर्डर सोडून गेलेला माणूस, योडाचा शिष्य, क्वाय-गॉनचा गुरू, म्हणजे नात्याने ओबी-वानच्या गुरूचा गुरू. रिपब्लिक सडलंय हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं, जेडाय सिनेटच्या दावणीला बांधले गेलेत हेही बरोबर. फक्त हे ओळखून तो गेला कुठे तर त्याच सिडियसच्या दारात. पिक्चरच्या शेवटी तो राजधानी कोरसंटला जाऊन त्यालाच रिपोर्ट देताना दिसतो, मग ओबी-वानला दिलेली ऑफर खरी होती की खोटी, की त्याचं त्यालाही नक्की माहीत नव्हतं? मला तिसरं वाटतं, सिथ शिष्य कधी ना कधी गुरूचा काटा काढायचं बघतोच, त्यामुळे ती ऑफर अर्धी खरी असणारच. पण हा विचार करायला पिक्चर आपल्याला वेळच देत नाही, कारण २००५ च्या पुढच्या भागात (रिव्हेंज ऑफ द सिथ) सुरुवातीच्याच लढाईत अनाकिन (हाच पुढे व्हेडर होतो) त्याचे दोन्ही हात तोडतो, चॅन्सलर पॅल्पटीन, जो खरा सिडियस आहे, मार म्हणतो, आणि डूकू संपतो. क्रिस्टोफर लीसारखा नट हाताशी होता आणि त्याला जेमतेम काही मिनिटं दिली. अनाकिनच्या घसरणीसाठी तो सीन लागणार होता हे मला मान्य आहे, पण त्यात डूकू माणूस म्हणून उरलाच नाही, अनाकिनच्या वाटेवरची नुसती एक पायरी झाला.

डूकूला खरा न्याय मिळाला तो २०२२ मध्ये, टेल्स ऑफ द जेडाय नावाच्या छोट्या अ‍ॅनिमेशन सीरिजमध्ये. सहा एपिसोड, त्यातले तीन डूकूचे. पहिल्यात तो तरुण क्वाय-गॉनला घेऊन एका ग्रहावर जातो, सिनेटरच्या मुलाचं अपहरण झालंय म्हणून, तिथे पोचल्यावर कळतं की अपहरण करणारे म्हणजे त्या सिनेटरच्याच राज्यातले उपाशी गावकरी. काम काय तर मुलाला सोडवून बापाच्या ताब्यात द्यायचं. डूकूचं डोकं फिरतं आणि तो सिनेटरचाच गळा आवळायला लागतो. हे बघताना मन पूर्ण त्याच्या बाजूने असतं आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो, कारण ही वाट कुठे जाते ते आपल्याला माहीत असतं. तिसऱ्या एपिसोडमध्ये यॅडल ही जेडाय त्याला परत फिरायची संधी देते आणि तो तिला मारतो, बस, त्यानंतर मागे वळणं नाही. एवढ्याशा वेळात जे जमलं ते दोन मोठ्या पिक्चरना जमलं नाही.

याच्याच जोडीला क्लोन वॉर्स या अ‍ॅनिमेशन सीरिजच्या तिसऱ्या सीझनमधला मिना बॉन्टेरीचा एपिसोड जरूर बघा. सेपरेटिस्ट, म्हणजे रिपब्लिकमधून फुटलेले डूकूचे लोक, हे नुसते ड्रॉइड आणि लोभी कंपन्या असं तोवर दाखवलेलं, इथे रिपब्लिकची सिनेटर पॅडमे लपूनछपून अनाकिनची शिष्या असोकाला घेऊन पलीकडच्या बाजूला जाते तर तिथेही एक संसद आहे, घरं आहेत, आणि मिनाचा नवरा क्लोन सैन्याच्या हातून मेलेला आहे. मिना तिकडच्या संसदेत शांततेचा ठराव मांडते आणि तो पासही होतो, पण डूकू बोलणी उधळून लावतो आणि तिलाही संपवतो. मला तो एपिसोड आजही बोचतो. सेपरेटिस्टांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यांचा नेताच त्या तक्रारींचा सगळ्यात मोठा शत्रू होता, यावर एक अख्खी सीरिज उभी राहिली असती. पुढे तो धागा हवा तसा कुणी ओढलाच नाही.

सीक्वेलबद्दल थोडक्यात लिहिणार होतो पण कायलो रेनवर थोडक्यात लिहिणं मला जमत नाही. २०१७ च्या पिक्चरमध्ये तो आपला गुरू स्नोकला मारतो, नायिका रे आणि तो पाठीला पाठ लावून लढतात, आणि मग तो हात पुढे करून म्हणतो की जेडाय, सिथ, रिबेल, सगळं जुनं मरू दे, आपण नवीन काहीतरी करू. तो क्षण मला सबंध नव्या तिकडीतला सगळ्यात मोठा वाटतो, कारण पहिल्यांदाच एक व्हिलन कुणाचाही चमचा न राहता स्वतः सिंहासनावर बसतोय, आता याला नेमकं काय हवंय ते दाखवावंच लागणार होतं. आणि २०१९ मध्ये काय केलं? पॅल्पटीनला परत आणलं. मेलेला सम्राट परत आल्याची पहिली घोषणा तर पिक्चरमध्येसुद्धा नव्हती, एका व्हिडिओ गेममधल्या इव्हेंटमध्ये ऐकवली होती. कायलो परत दुसऱ्याच कुणाचा तरी माणूस, आणि तेवढ्याने त्याचा प्रश्न गायब. शेवटी तो बेन (त्याचं मूळ नाव) होऊन परत येतो तेव्हा त्याला जवळपास संवादच नाहीत, अ‍ॅडम ड्रायव्हर नुसत्या चेहऱ्यावर तो सगळा भाग ओढून नेतो, आणि मग रेला जिवंत करून मरतो. तीन पिक्चर, तिन्हींचा मिळून एक ठरलेला आराखडा नाही, एका दिग्दर्शकाने मांडलेला डाव दुसऱ्याने उधळला आणि पहिल्याने येऊन परत आपला मांडला, याची सगळ्यात मोठी किंमत या पात्राने मोजली.

बाकीचे पटापट घेतो. कायलोच्याच बाजूचा सेनापती हक्स, त्याने फक्त कायलोवरच्या रागापोटी फितुरी केली, कल्पना छान, पण ती दोन वाक्यांत उरकून त्याला गोळी घातली. स्टॉर्मट्रूपर सैनिकांची कॅप्टन फाझ्मा, तिचं चिलखत चमकलं, ती चमकलीच नाही. डीजे नावाचा तो चोर, जो दाखवतो की शस्त्रं विकणारे दोन्ही बाजूंना माल विकतात, पैसे घेऊन निघून गेला तो गेलाच, आणि त्याने दाखवलेलं सत्यही त्याच्याबरोबर गेलं. आणि फिन, स्टॉर्मट्रूपरची नोकरी सोडून पळालेला! व्हिलन नाही, पण ग्रे गोष्टीचं खरं बीज तिथे होतं. लहानपणी घरातून उचलून नेलेली मुलं म्हणजे हे स्टॉर्मट्रूपर, हे २०१५ च्या पिक्चरने स्वतः सांगितलं, हेल्मेटवर रक्ताने माखलेल्या बोटांचे ओरखडे दाखवले, आणि थोड्याच वेळात तोच फिन आपल्याच कालच्या सोबत्यांवर आनंदाने गोळ्या झाडतोय. बंड केलेले आणखी ट्रूपर २०१९ मध्ये भेटतात पण तोवर उशीर झालेला असतो.

असोका सीरिजमधल्या बेलन स्कोलचं दुःख वेगळं आहे. ऑर्डर ६६ (जेडायना संपवायचा पॅल्पटीनचा हुकूम) मधून वाचलेला जुना जेडाय, ज्याला साम्राज्य नको आणि ऑर्डरही परत नको, सत्तेचं हे चढणं-कोसळण्याचं चक्रच थांबवायचंय. त्याचं काम करणारा नट रे स्टीव्हन्सन २०२३ मध्ये सीरिज यायच्या आधीच गेला, दुसऱ्या सीझनसाठी आता रोरी मॅकॅनला घेतलंय. इथे मी कुणाला दोष देत नाही, फक्त एवढंच वाटतं की पहिल्याच सीझनमध्ये त्याला अजून बोलू द्यायला हवं होतं. अ‍ॅकोलाइट ही सीरिज तर आठ एपिसोडनंतर २०२४ मध्ये बंदच केली. तिच्यात खूप काही कच्चं होतं, पण एका जेडायच्या हातून घडलेली चूक ऑर्डर कशी दडपते आणि सगळं एका मेलेल्या माणसाच्या माथी कसं मारते, हे दाखवायची हिंमत तिने केली होती.

गेम खेळणाऱ्यांना एक नाव माहीत असेल, क्राया, २००४ च्या कोटॉर दोन (नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक) या गेममधली, नायकाला शिकवणारी म्हातारी. नार शाडा या ठिकाणी एक भिकारी पैसे मागतो. दिले तर क्राया दाखवते की तेवढ्यासाठी त्याला दुसऱ्याने लुटलं, नाही दिले तर तोच दुसऱ्या कुणाला तरी लुटतो, आणि दोन्ही वेळा ती तुम्हालाच सुनावते. चिडचिड होते, पण खेळणारा थांबून विचार करतो ना! फोर्स, म्हणजे जेडाय आणि सिथ दोघांना बळ देणारी शक्ती, माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचवते म्हणून तिला फोर्सच संपवायची आहे. गेम घाईत बाहेर काढल्यामुळे शेवटाचा बराच भाग कापला गेला आणि तो चाहत्यांनी मागाहून मॉड बनवून जोडला, तरीही ती लक्षात राहते कारण तिच्याशी वाद घालावा लागतो.

आता मूळ शंकेकडे येतो, चांगलं-वाईट स्पष्ट असताना ग्रेला जागा कुठे. अँडॉर बघा. त्यात साम्राज्य एक इंचही कमी वाईट दाखवलेलं नाही, उलट इतकं भीतीदायक ते कधीच वाटलं नव्हतं. आणि तरी त्यात सिरिल कार्न हा सुरक्षा अधिकारी आहे. दोन गार्ड मेलेत, वरिष्ठ म्हणतो प्रकरण दाबून टाक, आणि हा एकटा म्हणतो की खून झालाय, तपास झालाच पाहिजे. तो चूक आहे का? नाही! सीरिजचा नायक कॅसियन अँडॉरने खरंच त्यांना मारलेलं असतं. त्याला सुव्यवस्था हवी असते, कुणीतरी आपल्याला शाबासकी द्यावी असं वाटत असतं, आणि ही भूक साम्राज्य वापरून घेतं. घॉर्मन ग्रहावर त्याला कळतं की आपल्याला हाताशी धरून इथे कत्तल घडवली जातेय, जमिनीखालच्या खनिजासाठी. तो आपली जोडीदार आणि साम्राज्याची अधिकारी डेड्रा हिला सोडून बाहेर पडतो, त्या गदारोळात त्याला कॅसियन दिसतो, सगळा संताप काढायला समोर एकच ओळखीचा चेहरा, जिवाच्या आकांताने लढतो, आणि कॅसियन विचारतो की तू कोण. ज्याच्या मागे आयुष्य घालवलं त्याला हा माहीतसुद्धा नाही. पुढच्या क्षणी गोळी लागते.

मारलं त्यालाही, पण डूकूच्या आणि याच्या मरणात फरक बघा. सिरिलचा सबंध प्रश्न, मी नियमाने वागलो तर मी चांगला माणूस ना, याचं उत्तर त्याला मरायच्या आधी मिळतं आणि तो ते ऐकतो. सीरिजने त्याला त्यासाठी वेळ दिला, त्याची आई दिली, त्याचं ऑफिस दिलं. पिक्चरच्या दोन तासांत एवढं बसत नाही हे खरं आहे, पण टेल्सने छोट्या एपिसोडमध्ये बसवलं, म्हणजे नुसत्या वेळेचा प्रश्न नाही.

सुरुवात करायची असेल तर आधी २००२ चा पिक्चर, मग टेल्समधले डूकूचे तीन एपिसोड, मग बॉन्टेरीचा एपिसोड, आणि त्यानंतर लगेच २००५ च्या पिक्चरची सुरुवात लावा. हात तुटलेला डूकू गुडघ्यावर आहे, मानेपाशी दोन लाईटसेबर आहेत, पॅल्पटीन मार म्हणतो, आणि डूकू मान वळवून त्याच्याकडे बघतो. तेव्हा अनाकिनकडे बघू नका, लीच्या डोळ्यांकडे बघा. तीन वर्षांपूर्वी ओबी-वानला जे नाव सांगितलं होतं तो माणूस आता समोर बसलाय, अनाकिन ऐकतोय, आणि डूकू तोंड उघडत नाही.