शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाला पाच लाख द्यावेत का?

आपण 67 वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहात, पेन्शन 38 हजार, घरखर्च 27 हजारांच्या आसपास. आठ लाखांची मुदत ठेव पुढील महिन्यात पूर्ण होत असून, कोल्हापूरजवळच्या उचगावात फाउंड्री कामगारांच्या मुलांसाठी शाळा सुटल्यापासून पालक घरी येईपर्यंत वर्ग चालवणाऱ्या संस्थेला त्यातील पाच लाख सभागृहासाठी द्यावेत का, असे आपण विचारले आहे.

आपला हेतू मला पूर्णपणे पटतो. रक्कम देण्याची पद्धत मात्र पटत नाही. आपल्याच पत्रानुसार चाळीस मुलांमागे दोन ताई आहेत आणि गेल्या वर्षी मानधन वेळेवर न मिळाल्याने एक ताई सोडून गेल्या. अशा वर्गाचा दर्जा मुलांना ओळखणारी, कोणाचा गुणाकार कुठे अडतो हे ठाऊक असलेली व्यक्ती टिकण्यावर अवलंबून असतो, आणि ती टिकते दरमहाच्या मानधनावर. शाहू महाराजांनी कोल्हापुरातील अनेक वसतिगृहांना जागेबरोबर वार्षिक अनुदानही दिले, हे येथे आठवावे.

म्हणून पाच लाख पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत, असे मी सुचवेन. 8.2 टक्के दराने धरल्यास दर तिमाहीला 10,250 रुपये व्याज हाती येते आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही. ते व्याज ताईंच्या मानधनासाठी द्यावे; मुद्दल आपलेच राहील. दुखणे उद्भवल्यास एका वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कपात सोसून खाते बंद करता येते. दिलेली देणगी मात्र परत मागता येत नाही, आणि उरलेल्या तीन लाखांवर आपल्या आणि यजमानांच्या आजारपणाची भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

देणगीवरील वजावटीच्या 80जी कलमाखाली कर वाचेल, असे संस्थेने सांगितले आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही. शिवाय तेथे 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होत असल्याने आपल्याला वाचवण्यासारखा करच उरत नाही. तो मुद्दा निर्णयातून वगळावा. पैसे रोखीने न देता संस्थेच्या खात्यावर पाठवून पावती घ्यावी.

पहिला हप्ता देण्यापूर्वी लेखापरीक्षित हिशेब आणि गेल्या बारा महिन्यांचा मानधनाचा तक्ता मागावा. तो दाखवण्यास टाळाटाळ झाल्यास थांबावे. सभागृहासाठी मुद्दल द्यायचेच असेल, तर यजमानांशी बोलून आपल्या दोघांच्या पश्चात ते संस्थेला मिळावे, अशी तरतूद मृत्युपत्रात करता येईल.