पोराची केस लहान, बापाची मोठी

प्रश्न (थोडक्यात): मुलगा 17 वर्षे 4 महिन्यांचा, बारावीत. मित्राच्या वाढदिवसाला पन्हाळा रोडला गेला, तिथे बिअर प्यायला. मित्राच्या मोठ्या भावानेच ती आणली होती. येताना शिवाजी पुलाजवळ नाकाबंदीत सापडला. यंत्रात फुंकायला लावलं, आकडा 58 आला. कुणाला लागलेलं नाही. स्कूटर 110 सीसीची, इचलकरंजीतल्या माझ्या थोरल्या भावाच्या नावावर, पण वापरतो आम्हीच. मुलाकडे सोळाव्या वर्षी काढलेलं लर्निंग आहे. आता मलाही नोटीस आली आहे. दंड भरून मिटेल का? रक्त तर घेतलंच नाही, मग केस टिकेल का? एक ओळखीचे म्हणतात, मागे बसलेला पुतण्या 22 वर्षांचा आहे, तोच चालवत होता असं सांगा. मुलाच्या करिअरची काळजी वाटते. तसा तो रोज दुधाला, क्लासला गाडी नेतोच, त्या दिवशीही मला सांगूनच गेला होता.

उत्तर: तुमच्या पत्रात मुलाच्या करिअरची काळजी आहे, स्वतःची फारशी नाही. मी तुमचा वकील असतो तर आधी शेवटच्या वाक्याजवळ थांबलो असतो. तिकडे येतोच.

आधी मुलाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा होतो. 58 म्हणजे जवळपास दुप्पट. अल्पवयीनाला वेगळी मर्यादा नाही. (महाराष्ट्रात बिअरसाठीच 21 वर्षं पुरी लागतात, ते वेगळं.) पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याखेरीज लायसन्सशिवाय गाडी चालवल्याचं कलम 181: 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये, किंवा दोन्ही. दंड मुलालाही होऊ शकतो. कैदेच्या जागी मात्र बाल न्याय कायदा (18 वर्षांखालच्यांसाठीचा) येतो.

लर्निंगचा आधार घेऊ नका. सोळाव्या वर्षीचं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतं असतं, तुमची स्कूटर 110 ची. आणि 50 सीसीची गाडी आज रस्त्यावर दिसते कुठे?

रक्त घेतलं नाही म्हणून केस उडते, हे मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो. कलम 185 मध्ये श्वासाच्या यंत्राची चाचणी स्पष्ट शब्दांत आहे. फक्त त्या चिठ्ठीची प्रत मागून घ्या. तारीख, वेळ, नाव नीट तपासा. खोट निघाली तर ती मांडायची, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही.

'दंड भरून मिटेल का?' नाही. सिग्नल तोडल्यासारखी पावती इथे फाडता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं आणि अल्पवयीनाला गाडी देणं, दोन्ही जागेवर तडजोड करता येणारे गुन्हे नाहीत.

मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. 3 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे बाल न्याय कायद्यात किरकोळ धरले जातात, त्यामुळे एफआयआर नव्हे, पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. जामीन हा नियम, नकार अपवाद. परिविक्षा अधिकारी (मुलाची आणि घरची माहिती मंडळाला देणारे) घरी येऊन चौकशी करतील, चहा द्या आणि खरं सांगा. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा किंवा दंड सांगू शकतं. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला न्या, आधारवर भागवू नका.

300 शब्दांच्या निबंधाची आठवण सगळ्यांनाच होते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला होता आणि मंडळाने त्याला असा निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला होता. तो आदेश टीका झाल्यावर मंडळानेच बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. तिथून त्याला सोडण्याचा आदेश जूनमध्ये उच्च न्यायालयाने दिला. तुमच्या प्रकरणात कुणी जखमीही नाही, तेव्हा ते गणित इथे लावू नका.

करिअरचं म्हणाल तर बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा प्रकरणामुळे अपात्रता येत नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी ही नोंद उघड करायची नसते. खरा फटका वेगळाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ प्रमाणे असा गुन्हा केलेल्या मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे जवळपास पावणेआठ वर्षं.

आता तुमचं. याच 199 अ मध्ये पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. शब्द 'आणि' आहे, 'किंवा' नाही. शिवाय स्कूटरची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. मुलाने गाडी तुमच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय गृहीत धरतं. सुटायचं तर माझ्या नकळत नेली, किंवा नेऊ नये म्हणून मी शक्य ते सगळं केलं होतं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आणि तुम्ही मला काय लिहिलंत? रोज दुधाला, क्लासला नेतो आणि त्या दिवशी सांगून गेला. किल्ली कुठे असते? दाराजवळच्या खिळ्यावर असेल, तर तेही बाहेर येईल. फोनमध्ये 'पेट्रोल टाकून आण' असा एखादा मेसेज असेल, तर तो पुसू नका, पुरावा पुसणं आणखी महागात जातं. नकळत नेल्याचा बचाव तुम्हाला नाही. शिक्षा कमीत कमी व्हावी म्हणून काय मांडायचं, ते मात्र आहे: अपघात नाही, पहिलीच वेळ, तपासाला सहकार्य. 'नकळत नेली' असं लेखी देऊन सही करू नका. नोटिशीला उत्तर वकील लावूनच द्या.

पुतण्याचं नाव पुढे करण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांचा फोन तूर्त उचलू नका. खोटी माहिती देऊन खऱ्या गुन्हेगाराला वाचवणं हा भारतीय न्याय संहितेत कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे. खोटी साक्ष देणं आणखी वेगळा. नाकाबंदीत मुलाने स्वतः यंत्रात फुंकलंय, पोलिसांनी त्याला हॅण्डल धरलेलं पाहिलंय. पुण्याच्या प्रकरणातही रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आई-वडील आणि डॉक्टरांना अटक झाली. एका पोराची किरकोळ केस चार जणांची होते ती अशी.

बिअर आणणाऱ्या भावाचं नाव सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मंडळात विचारलं जाईल. बालकाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलाने खरं ते सांगावं.

वकिलाची फी अवघड असेल तर कोल्हापुरात कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बालकाला मोफत वकील मिळतो.

राहिले थोरले बंधू. गाडीमालक ते आहेत, म्हणजे नोटीस त्यांच्याही दारात जाऊ शकते. स्कूटर सोडवून घ्यायचा अर्ज त्यांच्याच नावाने करावा लागेल. पोस्टमनकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू दे. आजच फोन करा, आणि येताना आरसी बुक, विम्याचा कागद घेऊन या म्हणावं.