भट्टी, गुत्ता आणि वाईन शॉप

प्रश्न असा आहे: नागपूरहून पुण्यात आलेल्या एकाने 'इथे भट्टी कुठे आहे?' असं विचारलं, तर समोरचा बिचकला. नागपुरात भट्टी म्हणजे देशी दारूचं साधं परवान्याचं दुकान. पुण्यात त्याला काय म्हणतात, 'गुत्ता' म्हणजे तेच का, आणि वाईन शॉपमध्ये व्हिस्कीच का दिसते?

भट्टी म्हटलं की पुणेकराला हातभट्टी आठवते, म्हणजे चोरून गाळलेली. विदर्भात हा शब्द गाळण्याच्या जागेवरून विकण्याच्या जागेवर सरकला आणि तिथेच रुळला. पुण्यात त्याच दुकानाला 'देशीचं दुकान' म्हणतात, किंवा नुसतं 'देशी'. 'देशीच्या शेजारचं गॅरेज' हा चांगला पत्ता समजला जातो. पाटीवर 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' आणि परवान्याचा प्रकार 'सीएल-3' (सीएल म्हणजे कंट्री लिकर, देशी दारू).

गुत्ता हेच दुकान, पण शब्दाला वास येतो. 'गुत्त्यावर पडलेला असतो' हे दुकानाबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त बोलणं झालं. मूळ अर्थात मात्र दारूचा थेंबही नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, कंत्राट; कानडीत 'गुत्तिगे', तेलुगूत 'गुत्त', अर्थ तोच. मराठवाड्यात तो अजून जिवंत आहे: रस्त्याचं काम घेणारा गुत्तेदार, आणि खुरपणी अंगावर घेतली की 'गुत्तं घेतलं'. (पुण्याकडे त्याला 'उक्तं' म्हणतात.) इंग्रजी अमलात दारूविक्रीचा हक्क लिलावात मक्त्याने दिला जाई, म्हणून दारूचा गुत्ता. पुढे पुण्याकडे कंत्राटाचा अर्थ गळाला, दुकान तेवढं उरलं. गंमत म्हणजे उत्तरेतला 'ठेका' अगदी याच वाटेने गेला आहे. दिल्लीकराने सदाशिव पेठेत ठेका विचारला, तर तीनताल की झपताल एवढाच प्रश्न येईल. मध्य प्रदेशातली 'कलारी' मात्र कंत्राटावरून आलेली नाही. ती दारू गाळणाऱ्या कलार-कलाल जातीवरून.

आता वाईन शॉप. इंग्रजीत 'वाईन अँड स्पिरिट मर्चंट' असं धंद्याचं जुनं नाव होतं. त्यातलं पुढचं शेपूट तुटून वाईन तेवढी राहिली असावी, असं मला वाटतं. शिवाय 'दारूचं दुकान' म्हणण्यापेक्षा ते सभ्य वाटतं, आणि पुण्यात हे कारण लहान नाही. परवाना 'एफएल-2' (एफएल म्हणजे फॉरेन लिकर, विदेशी दारू): सीलबंद बाटली घ्यायची आणि चालू लागायचं. पाटीवर बहुधा कुठल्या तरी नावापुढे 'वाईन्स' असतं. हैदराबादेतही दुकानाला 'वाईन्स'च म्हणतात.

खरा घोळ 'बिअर शॉपी'चा. (शॉप नपुंसकलिंगी, शॉपी स्त्रीलिंगी, हा 'ई' मराठीच्या हौसेचा.) तिचा परवाना 'एफएल/बीआर-2', म्हणजे तिथे बिअर आणि वाईन दोन्ही मिळतात, व्हिस्की-रम नाही. थोडक्यात, द्राक्षाची वाईन हवी असेल तर बिअर शॉपीतही मिळेल, आणि वाईन शॉपमध्ये शिरणारा बहुतेक जण 'क्वार्टर' मागेल, म्हणजे 180 मिलीची बाटली. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा गावोगावी 'किराण्यात दारू' असा ओरडा झाला. विरोधाची इतर कारणं होतीच, पण 'वाईन शॉप' या शब्दाने वाईनचा अर्थ आधीच 'सगळी दारू' करून ठेवला होता.

'परमिट रूम'ला नवखा माणूस आरटीओचं ऑफिस समजतो. हा शब्द 1949 च्या दारूबंदी कायद्याचा. कायदा बंदीचा असल्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि परवानेवाल्यांनी बसून प्यायची खोली ती परमिट रूम. कागद आज फारसा कुणी विचारत नाही, पाटी राहिली.

तमिळनाडूत किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे, म्हणून तिथे दुकानाचं नावच त्या महामंडळाचं, 'टास्मॅक'. बंगालमध्ये पाटीवर 'एफएल ऑफ शॉप' दिसलं तर दुकान बंद आहे असं समजू नका. 'ऑफ' म्हणजे बाटली बाहेर न्यायची, 'ऑन' म्हणजे तिथेच बसायचं.

तेव्हा पुण्यात रिक्षावाल्याला 'वाईन शॉप' म्हणावं, देशी हवी असेल तर 'देशीचं दुकान'. भट्टी विचारलीच, तर कुणी पाव भाजण्याची भट्टीही दाखवेल.