बफर झोनमधल्या, म्हणजे दोन सैन्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातल्या, शांतिसैनिकांना गोळी चालवायची परवानगी नसते, मग दोन शेजारी देशांच्या भांडणात त्यांचा उपयोग काय?

हाच प्रश्न माझ्या साडूने खारघरला वास्तुशांतीच्या पंगतीत सगळ्यांसमोर मला विचारला होता. वर म्हणाला, तुम्ही काय तिकडे शेळ्या राखायला गेला होतात. म्हणून हातातलं काम सोडून लिहितोय.

शेळ्यांचंच सांगतो. २००४ ला मी इथिओपिया-इरिट्रिया बॉर्डरवर युएन मिशनमध्ये होतो, आपली बटालियन मधल्या सेक्टरला. १९९८ ते २००० त्या दोघांचं युद्ध झालं, मग अल्जिअर्सला करार झाला आणि मध्ये २५ किलोमीटर रुंदीचा पट्टा ठरला. पट्टा सगळाच्या सगळा इरिट्रियाच्या बाजूला, हे लक्षात ठेवा. आत त्यांची आर्मी नाही, फक्त पोलीस आणि मिलिशिया (गावचेच बंदूकधारी), आणि पट्टा संपला की लगेच इथिओपियाचे खंदक.

एका सकाळी एका पोराच्या २३ शेळ्या चरत चरत खाली गेल्या आणि खंदकवाल्यांनी बांधून ठेवल्या. पोरगं दहा-अकरा वर्षांचं, पायात प्लास्टिकच्या चपला, आमच्या पोस्टच्या तारेला धरून रडतंय. तासाभरात गावचे मिलिशियावाले बंदुका घेऊन टेकडीवर आले, प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी युद्धात गेलेलं, आणि खाली खंदकात हेल्मेटं दिसायला लागली. भोवती सुरुंग, खुणेचे रंगवलेले दगड सोडून पाऊल टाकायचं नाही. आमच्या मेजर साहेबांनी पांढरी गाडी निळ्या झेंड्यासकट बरोबर मधोमध नेऊन उभी केली आणि आम्ही चौघं दुभाष्याला घेऊन उतरलो. इकडे बोला, तिकडे बोला, तिकडचा कॅप्टन म्हणे शेळ्यांच्या नावाखाली हेर पाठवला, असं साडेचार तास भर उन्हात. शेवटी २१ शेळ्या सुटल्या. गावच्या म्हाताऱ्याने दोनदा मोजल्या, दोन कमी भरल्या आणि परत आवाज चढला. त्या दोन दुसऱ्या दिवशी आल्या, एक लंगडत. एकही गोळी सुटली नाही. साडूला हे काम हलकं वाटत असेल तर वाटू दे, पण अशा ठिकाणी युद्ध पेटायला रणगाडा लागत नाही, एक शेळी पुरते.

आता तुमचा प्रश्न. स्वसंरक्षणासाठी गोळी चालवता येते, पण मिशनचं काम ते नसतंच. दोघांनाही थांबायचं असेल तेव्हा आम्ही मध्ये असतो, म्हणजे कोणी पुढे सरकला तर दिसतं, नोंद होते आणि 'त्यांनी आधी केलं' ही थाप चालत नाही. एकाला नकोसे झालो की संपलं. १९६७ मध्ये इजिप्तने सिनाय-गाझामधून युएनची फौज काढायला लावली, तिच्यात आपलेही जवान होते, आणि ५ जूनला इस्रायलशी युद्ध पेटलं तेव्हा गाझात न निघालेले काही भारतीय जवान हकनाक गेले. सायप्रसमध्ये १९६४ पासून फौज बसलीय, पट्टा तिथेच आहे, तोडगा नाही.

आमच्या मिशनचंही तेच. २००२ मध्ये सीमा आयोगाने वादातलं बाद्मे गाव इरिट्रियाला दिलं, इथिओपियाने सोडलं नाही, आणि पट्टा मात्र इरिट्रियाच्याच जमिनीत राहिला. इरिट्रियाचा राग आमच्यावर निघाला. २००५ ला त्यांनी हेलिकॉप्टरं बंद केली, पुढे डिझेल अडवलं आणि जुलै २००८ अखेर मिशन गुंडाळलं. मला त्यांचा राग कळतो. मी ऐरोलीत राहतो, इथल्या दिवा गावातल्या, नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या एखाद्या जुन्या माणसाजवळ बसा, जमीन आपली असून हुकूम दुसऱ्याचा म्हणजे काय ते तो सांगेल. तेव्हा कुठल्याही बफर झोनबद्दल वाचाल तर सैनिक किती ते नंतर बघा, पट्टा कोणाच्या जमिनीतून कापलाय ते आधी बघा.

हां, एक मान्य करतो, आम्ही निघाल्यावर लगेच मोठं युद्ध झालं नाही, २०१६ मध्ये सीमेवरच्या त्सोरोनाला जोरदार चकमक झाली आणि २०१८ ला दोघांनी समेट केला. त्यामुळे सगळं आमच्यामुळेच थांबलं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशीचं, त्या टेकडीवरचं, आमच्यामुळेच थांबलं.

पंगतीत बायकोने हात दाबला म्हणून गप्प बसलो होतो. हे उत्तर आता साडूला पाठवतोय.